घर बांधणारी संस्था कोणी चालवावी?

महाराष्ट्रात सेवाकार्याची परंपरा मोठी आहे. शाळा, वसतिगृहे, अनाथाश्रम, रुग्णालये, रक्तपेढ्या, जलसंधारण अशा प्रत्येक क्षेत्रात नाव घ्यावे अशा संस्था येथे उभ्या राहिल्या आणि त्यांतील कित्येकांनी शताब्दीही साजरी केली. परंतु सामान्य कष्टकऱ्याला परवडेल असे घर उभे करून देणारी, आणि ते काम एखाद्या आपत्तीपुरते न करता वर्षानुवर्षे चालवणारी संस्था कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबावे लागते. अन्न, वस्त्र, निवारा ही त्रयी आपण शाळकरी वयापासून पाठ म्हणत आलो. तिच्यातील तिसरा शब्द मात्र सरकारवर आणि बिल्डरवर सोपवून आपण मोकळे झालो.

यामागे केवळ अनास्था आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. घराचे काम स्वभावतःच निराळे आहे. शाळेला दिलेली देणगी शाळेच्या इमारतीत राहते. विद्यार्थी येतात, शिकतात, निघून जातात, इमारत संस्थेचीच असते. रुग्णालयातील खाट एकामागून एक रुग्णांच्या उपयोगी पडते. घराचे तसे नाही. समाजाकडून झोळी फिरवून जमवलेल्या पैशातून बांधलेले घर शेवटी एका कुटुंबाच्या खासगी मालकीचे होते. मग ते कुटुंब कोणते, त्यालाच का, त्याच्या शेजाऱ्याला का नाही, आणि उद्या त्याने ते घर विकून पैसे केले तर दात्यांना काय सांगायचे, हे प्रश्न पहिल्या विटेबरोबरच उभे राहतात. अभियंता, वास्तुविशारद, कंत्राटदार हे सारे पैसे देऊन मिळतात. या प्रश्नांची उत्तरे चारचौघांत उभे राहून देणारा माणूस पैसे देऊन मिळत नाही. घरांच्या संस्थेचे नेतृत्व म्हणजे काय, याचा विचार म्हणूनच इमारतीच्या नकाशापासून सुरू करून चालत नाही.

प्रश्नाचा आकार

केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी भागातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी काढली होती. त्यातील जवळजवळ ९६ टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांची होती. याच आकडेवारीतील एक तपशील फारसा चर्चिला जात नाही. पूर्णतः बेघर कुटुंबे त्यात साडेपाच लाखांच्या आतच होती. सुमारे दीड कोटी कुटुंबांची अडचण होती ती दाटीवाटीची. एका खोलीत सासू-सासरे, मुलगा-सून आणि नातवंडे, अशी ती अडचण. दुसऱ्या बाजूस, २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांतून १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. कुलूपबंद घरे आणि एका खोलीतील आठ माणसे एकाच शहरात, कित्येकदा एकाच रस्त्यावर आहेत. सिमेंट आणि लोखंड यांची टंचाई आहे असा याचा अर्थ होत नाही. जो घर बांधू शकतो त्याला या माणसासाठी बांधण्यात रस नाही, आणि या माणसाला जेवढे देता येतात तेवढे पैसे त्याच्याकडून हप्त्याने घेण्याची कोणाची तयारी नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. भाजीविक्रेती, रिक्षाचालक, घरकाम करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी यांच्याकडे वेतनचिठ्ठी नसते, आणि वेतनचिठ्ठी नाही म्हणजे बँकेच्या लेखी तो माणूसच नाही! हाच गवंडी आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधत असतो, हा आणखी निराळा विरोधाभास.

बाजार आणि सरकार यांच्यामध्ये ही जी मोकळी जागा राहिली आहे ती संस्थेची आहे. ती जागा ज्यांनी भरून दाखवली त्यांचा अभ्यास केला पाहिजे, मग ते कोणत्याही देशाचे आणि कोणत्याही विचाराचे असोत.

अमेरिकसचा वकील

जगभर सर्वाधिक पसरलेले उदाहरण अमेरिकेतील ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’चे आहे. तिचा संस्थापक मिलर्ड फुलर हा अलाबामा राज्यातला. वकिलीचे शिक्षण घेत असतानाच त्याने एका मित्राबरोबर टपालाने वस्तू विकण्याचा व्यवसाय सुरू केला आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो लक्षाधीश झाला. पैसा आला, पण संसार मोडकळीला आला. १९६५ मध्ये पत्नी लिंडा घर सोडून गेली. तिची समजूत काढताना दोघांनी जो निर्णय घेतला तो विलक्षण होता. जे काही आहे ते सारे विकून दान करायचे आणि नव्याने सुरुवात करायची. पुढे ही दोघे जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या लहानशा गावाजवळ असलेल्या ‘कोइनोनिया’ नावाच्या शेतीवसाहतीत पोहोचली. क्लॅरन्स जॉर्डन याने १९४२ मध्ये स्थापन केलेल्या या वसाहतीत गोरे आणि काळे एका पंक्तीला जेवत. त्या काळच्या दक्षिण अमेरिकी राज्यांत हा अपराध समजला जाई. वसाहतीवर गोळीबार झाला, गावाने तिच्या मालावर बहिष्कार घातला. तरी ती टिकली.

जॉर्डन आणि फुलर यांनी १९६८ मध्ये आसपासच्या मोडक्या झोपड्यांत राहणाऱ्या शेतमजुरांसाठी बेचाळीस भूखंड आखले. देणग्या आणि बिनव्याजी ठेवी यांतून एक निधी उभारायचा, त्यातून घर बांधायचे, नफा न घेता ते त्या कुटुंबाला विकायचे, किंमत वीस वर्षांत बिनव्याजी हप्त्यांनी घ्यायची आणि आलेले हप्ते पुढच्या घराला लावायचे, अशी ही योजना. पहिले घर पूर्ण होण्यापूर्वीच, १९६९ मध्ये, जॉर्डन वारला. फुलर थांबला नाही. १९७३ पासून तीन वर्षे त्याने आफ्रिकेतील तेव्हाच्या झैर देशात हाच प्रयोग करून पाहिला आणि १९७६ मध्ये परत येऊन ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली.

गरिबाकडून व्याज घेऊ नये हे तत्त्व फुलरने बायबलमधून घेतले. आपल्याकडे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते, त्यामुळे मराठी वाचकाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो पुढच्या पायरीत. फुलरने व्याज सोडले, मुद्दल सोडले नाही. त्याच्या योजनेत घर फुकट कधीच मिळत नव्हते. कुटुंबाची निवड करताना तीन गोष्टी पाहिल्या जात. गरज खरी आहे का, हप्ता फेडण्याची ऐपत आहे का आणि सोबत राबण्याची तयारी आहे का. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. स्वतःच्या घरासाठी आणि शेजाऱ्याच्याही घरासाठी काही शे तास श्रम केल्याशिवाय किल्ली हाती पडत नसे. ज्याने शेजाऱ्याच्या भिंतीला रंग दिला आहे तो त्या शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडला तरी ते भांडण तुटेपर्यंत जात नाही, हे कोणत्याही समाजशास्त्रज्ञाशिवाय कळण्यासारखे आहे.

हे काम उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेतून उभे राहिले, हे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेत किल्लीबरोबर बायबलची प्रत देण्याची प्रथाही होती. घरासाठी धर्माची अट नाही आणि मदतीच्या निमित्ताने धर्मप्रचार करायचा नाही, असे संस्थेचे जाहीर धोरण आहे. परदेशी पैशाबाबत सावध राहणे हा समाजाचा अधिकार आहे आणि त्यासाठी देशात कायदाही आहे. परंतु सावधपणाची सबब सांगून अभ्यास टाळणे परवडणारे नाही.

या कामाला जगाच्या नकाशावर नेले ते माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी. त्यांचे प्लेन्स हे गाव अमेरिकसच्या शेजारी. १९८४ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी रोझलिन बसने न्यूयॉर्कला गेले आणि एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी हातोडी घेऊन उभे राहिले. त्यानंतर दरवर्षी एक आठवडा या कामाला देण्याचा नेम त्यांनी नव्वदी उलटल्यावरही पाळला. २०२४ च्या डिसेंबरात कार्टर गेले, तोवर चौदा देशांतील चार हजारांहून अधिक घरांना त्यांच्या या उपक्रमाचे हात लागले होते. त्यांतील शंभर घरे महाराष्ट्रातली, लोणावळ्याजवळची. २००६ च्या शरदात देशोदेशीच्या स्वयंसेवकांबरोबर हे दांपत्य तेथे राबून गेले. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन यांनी १९६० च्या दशकात, वयाची साठी ओलांडल्यावर, विक्रोळीत परिचारिका म्हणून सेवा केली होती, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते.

पदावरून उतरलेला राष्ट्राध्यक्ष भिंती उभारतो, हे दृश्य मोठेच आहे. पण असा पाहुणा आठवडाभर असतो. शंभर घरांचे हप्ते पुढे वर्षानुवर्षे कोणी गोळा करायचे, गळक्या छपराची तक्रार कोणी ऐकायची, नवरा वारल्यावर घर कोणाच्या नावावर करायचे, ही कामे छायाचित्रात येत नाहीत. संस्थेचा प्रमुख ओळखावा तो या कामांत.

संस्थापक बाहेर गेला तेव्हा

फुलरच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रकरण घरांचे नाही. २००५ च्या जानेवारीत संस्थेच्या संचालक मंडळाने आपल्या संस्थापकालाच पदमुक्त केले. एका माजी महिला कर्मचाऱ्याने त्याच्या वर्तनाविषयी तक्रार केली होती. आरोप सिद्ध होण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष मंडळाने काढला, परंतु त्यानंतरच्या काळातील त्याची वक्तव्ये आणि वागणे संस्थेत फूट पाडणारे आहे, असे कारण देऊन त्याला दूर केले. यामागे संस्थेच्या दिशेविषयीचा वाद बराच काळ धुमसत होता. मंडळाला अटलांटासारख्या महानगरातून चालणारे, शिस्तबद्ध आणि आधुनिक व्यवस्थापन हवे होते. फुलरला घाई होती; जगातून मोडकी घरेच नाहीशी करायची, अशी त्याची भाषा असे. त्याच वर्षी संस्थेचे दोन लाखावे घर उभे राहिले. त्या वेळी तिची पायाभरणी करणारा माणूस बाहेर होता.

या घटनेचा निवाडा करणे सोपे नाही, आणि आपल्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनी तो घाईने करूही नये. संस्थापकाच्या शब्दाला आव्हानच नसेल तर महिला कर्मचाऱ्याची तक्रार दाबली जाते, आणि अशा संस्था आपण पाहिल्या आहेत. तक्रार आली तेव्हा मंडळाने ती ऐकली, चौकशी केली, हे मंडळाच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. उलट, झोकून देणारा माणूस गेल्यावर संस्था निव्वळ कचेरी होते, हेही आपण पाहिले आहे. ‘हॅबिटॅट’चे तसे झाले का? संस्था वाढली, हे निर्विवाद. १९७६ पासून सहा कोटींहून अधिक माणसांना आपण साहाय्य केले असे ती आज सांगते. परंतु फुलरच्या काळात मोजणी घरांची होती; आता ती माणसांची आहे, आणि तीत दुरुस्ती, प्रशिक्षण, जमिनीच्या हक्काविषयीचे काम असे सारे येते. हे काम उपयुक्त नाही असे कोण म्हणेल? तथापि मोजमाप बदलले की संस्थेचे मन हळूहळू बदलते, आणि वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते. प्रत्येक संस्थेने आपण काय मोजतो याकडे पाच-सात वर्षांनी एकदा निरखून पाहावे.

फुलर स्वतः खचला नाही. त्याच वर्षी, सत्तरीत, कोइनोनियात परत जाऊन त्याने नव्या नावाने तेच काम पुन्हा आरंभले. २००९ मध्ये तो गेला आणि त्याच मातीत विसावला.

आपल्या मातीतील तीन धडे

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील काही हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर देशभरातून मदतीचा जो ओघ आला त्याचे वर्णन आजही अंगावर काटा आणते. पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसवली गेली. संस्था, उद्योगसमूह, वृत्तपत्रे यांनी गावेच्या गावे दत्तक घेतली. वेग वाखाणण्यासारखा होता. पण सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांच्या त्या वसाहतींत जुन्या गावाची गल्ली, वाड्याचे अंगण, गुरांचा गोठा, देवळापुढचा पार यांना जागा नव्हती. शेत दूर गेले. दाता आणि अभियंता यांनी ठरवले, गावकऱ्याने किल्ली घेतली. याउलट, जी गावे हलवली नाहीत तेथे कुटुंबांनी स्वतःच आपल्या घराची दुरुस्ती आणि मजबुती करावी, सरकारने हप्त्याहप्त्याने साहाय्य द्यावे आणि गावातील महिलांनी संवाद सहायक म्हणून मार्गदर्शन करावे, असाही प्रयोग झाला. त्या महिलांनी सिमेंटचे प्रमाण तपासले, हिशेब विचारले. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या भागात अनेक संस्था आल्या आणि काम आटोपून परतल्या. ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था हराळीला शाळा उभारून तेथेच राहिली. घरे पूर्ण झाल्यावर संस्था गावात किती वर्षे दिसते, या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

दुसरा धडा शतकापूर्वीचा आहे. मुंबईतील गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. तिच्यामागे होते रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी. याच तालमकींनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापन केली होती, आजची एसव्हीसी बँक ती हीच. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी समाजाला बचतीची आणि परतफेडीची सवय लावली, माणसे एकमेकांची पत ओळखू लागली आणि त्यानंतर नऊ वर्षांनी घरांना हात घातला. आज आपण नेमके उलटे करतो. आधी भूमिपूजन होते, मग पैसा कोठून आणायचा याची बैठक! तालमकींचे सभासद मध्यमवर्गीय होते, कष्टकरी नव्हते, हा आक्षेप बरोबर आहे. पण पद्धत तीच लागते, आणि अहमदाबादेत ‘सेवा’च्या भगिनींनी १९९४ मध्ये महिला हाउसिंग ट्रस्ट स्थापन करण्यापूर्वी स्वतःची बँक आधी काढली होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तिसरे उदाहरण सोलापूरचे. तेथील विडी कामगार महिलांसाठी कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्याची पायाभरणी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिली पंधरा हजार घरे त्यांच्याच हस्ते कामगारांना मिळाली. या दोन्ही प्रकल्पांमागे उभे असलेले नरसय्या आडम हे आयुष्यभराचे कम्युनिस्ट. त्यांचा आणि या पंक्ती वाचणाऱ्यांचा विचार जुळणे शक्य नाही. तशी अपेक्षाही नाही. परंतु विडी वळून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाचे घर मिळावे यासाठी एका माणसाने वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, दोन वेगळ्या विचारांच्या केंद्र सरकारांकडून काम करून घेतले, आणि हजारो बायकांना हप्त्याहप्त्याने आपला वाटा भरायला लावला, याला दाद न देणे कोतेपणाचे ठरेल. काम कसे झाले हे शिकून घ्यावे. मतभेद जागच्या जागी राहतील.

हिशेबाची कठोरता

सेवाभावी संस्थेला हिशेब आवडत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. फिरत्या निधीचेच पाहा. समजा, एका संस्थेने पाच लाख रुपयांना एक याप्रमाणे शंभर घरे बांधली आणि वीस वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांवर दिली. पाच कोटी गुंतले. दरवर्षी पंचवीस लाख परत येणार. पहिल्या वर्षी त्यांतून पाच नवी घरे होतात आणि सर्वांना आनंद होतो. बांधकामाचा खर्च दरसाल सहा टक्क्यांनी वाढला तर बाराव्या वर्षी तेच घर दहा लाखांना पडते आणि त्या पंचवीस लाखांत अडीच घरे होतात. व्याज सोडणे म्हणजे महागाईचा भार संस्थेने उचलणे, हे सभेत कोणीतरी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘हॅबिटॅट’ने काही आफ्रिकी देशांत हप्ता रुपया-पैशांऐवजी सिमेंटच्या पोत्यांच्या किमतीत ठरवला, म्हणजे सिमेंट महागले की हप्ताही तेवढाच वाढे. ही युक्ती आपल्याकडे चालेल की नाही, हा वेगळा प्रश्न. पण निदान त्यांनी तो प्रश्न डोळ्यांआड केला नाही.

याहून अवघड असतो थकलेला हप्ता. तीन महिने पैसे आले नाहीत. घरी जाऊन पाहावे तर कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला. अशा घराला मुदत द्यावी, प्रसंगी हप्ता समाजाकडून भरून घ्यावा. शेजारच्या घरी मात्र नवी मोटारसायकल उभी आहे आणि हप्ता नाही. तेथे कठोर व्हायचे धैर्य ज्या प्रमुखाला होत नाही, त्याने प्रामाणिक फेडणाऱ्या अठ्ठ्याण्णव कुटुंबांचा आणि रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या कुटुंबाचा अपराध केलेला असतो. या दोन घरांतील भेद कचेरीत बसून कळत नाही. त्यासाठी उंबरठ्याशी संबंध लागतो, आणि तो महिन्याच्या महिन्याला ठेवावा लागतो.

निवडीचेही तेच. नगरसेवकाची चिठ्ठी येते, विश्वस्ताचा भाचा येतो, मोठ्या देणगीदाराच्या वाहनचालकाचे नाव येते, आणि त्या वाहनचालकाची गरज कित्येकदा खरीही असते. यावर एकच उपाय टिकलेला दिसतो. निकष आधी लिहून ठेवायचे, यादी फलकावर लावायची, आणि निवड समितीत ज्यांना घरे यापूर्वी मिळाली आहेत अशा दोन-तीन बायका बसवायच्या. कोणाची गरज खरी आणि कोणाचे नाटक, हे त्यांना विश्वस्तांपेक्षा लवकर कळते.

आज काय करता येईल

सरकारच्या योजना आल्या, आता संस्थांची गरज काय, असे विचारले जाते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागासाठी २०१५ मध्ये आणि ग्रामीण भागासाठी २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे झालेले काम डोळ्यांनी दिसते आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते आणि पुढचा हप्ता मागचे काम पूर्ण झाल्याची छायाचित्रे चढवल्यावर. जोते बांधायचे पैसेच हाती नसतील तर जोत्यानंतरचा हप्ता कसा मिळणार? येथे सावकार येतो. मंजूर घराचे काम खोळंबते, पावसाळा येतो, अर्धी भिंत पडते. शहरात स्वतःच्या जागेवर बांधायचे तर जागेचा कागद लागतो; आजोबांच्या नावावरचा उतारा चार भावांत वाटला गेलेला नसतो. ग्रामीण भागात ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागाखरेदीसाठी साहाय्य देणारी योजना काढली, पण ती योजना आहे हे त्या माणसापर्यंत पोहोचवणारा आणि त्याच्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन बसणारा कोणी लागतो.

हे काम संस्थेचे आहे. हजार घरे बांधण्याची घोषणा करण्यापेक्षा एका तालुक्यात मंजूर असूनही अडकलेली शंभर घरे शोधावीत. प्रत्येकाला जोत्यापुरते, लिंटलपुरते पैसे बिनव्याजी द्यावेत आणि सरकारी हप्ता जमा होताच ते परत घ्यावेत. पंचवीस-तीस लाखांचा निधी एका हंगामात दोनदा फिरू शकतो, आणि तो सहा महिन्यांत परत येत असल्याने महागाई त्याला फारशी खात नाही. उद्योगसमूहांच्या सामाजिक दायित्व निधीवर या कामासाठी विसंबू नये असे माझे मत आहे. २०१४ पासून तो पैसा पुष्कळ उपलब्ध झाला हे खरे, पण त्याची नजर मार्चअखेरीवर असते आणि चालू प्रकल्पाला तीन वर्षांहून अधिक मुदत देण्याची सोय त्यात नाही. घराच्या कामाचा हिशेब पावसाळ्यावर असतो. हजार-दोन हजारांच्या ठेवी देणारे तालुक्यातले शिक्षक, व्यापारी, डॉक्टर, निवृत्त कर्मचारी यांच्यातूनच हा निधी उभा राहिला पाहिजे, कारण मग थकलेल्या हप्त्याविषयी विचारणारेही गावचेच असतात.

अशा कामासाठी प्रमुख शोधताना वक्तृत्व पाहू नये, बांधकामाचे ज्ञानही दुय्यम मानावे. ज्याला उतारा वाचता येतो, जो तलाठ्याच्या दारात तिसऱ्यांदाही न चिडता उभा राहतो, जो रोजकीर्द त्याच दिवशी लिहितो आणि ज्याला वस्तीतल्या बायका नावाने हाक मारतात असा चाळिशीतला माणूस, किंवा अधिक चांगले म्हणजे बाई, पाहावी. तिला पूर्णवेळ काम करावे लागेल. म्हणून तिला घर चालेल इतके वेतन द्यावे लागेल, आणि देणगीतील काही भाग त्यासाठी खर्च होणार आहे हे दात्यांना पावती फाडण्यापूर्वीच सांगून ठेवावे लागेल.